घासण्याआधी वाचा

सप्टेंबर २०१८मध्ये अमेरिकेतल्या हजारो लोकांनी अलाबामा राज्यातल्या ॲनिस्टन या गावी जाडजूड पाकिटे धाडली. आत नागरिकत्वाचा पुरावा, नेमबाजी क्लबच्या सदस्यत्वाचा दाखला आणि एक अर्ज. लष्कराने वापरून बाजूला ठेवलेले एक ‘एम १९११’ पिस्तूल विकत मिळावे, एवढीच मागणी. अर्ज टपालानेच स्वीकारले जाणार होते आणि मुदत होती ४ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. पहिल्या खेपेला लष्कराने दिलेली पिस्तुले होती ८ हजार. अर्ज त्याहून किती तरी जास्त आले. शेवटी संगणकाने क्रमांक काढले आणि त्या क्रमाने एकेकाला फोन जाऊ लागले.

विकणारी संस्था ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम’. अमेरिकी काँग्रेसने २०१५मध्ये कायद्यात तरतूद करून लष्कराला वर्षाला जास्तीत जास्त १० हजार पिस्तुले या संस्थेकडे देण्याची मुभा दिली होती. तेव्हा दर तीन होते. ‘सर्व्हिस’ प्रतीचे १,०५० डॉलर, ‘फील्ड’ प्रतीचे ९५० आणि ‘रॅक’ प्रतीचे ८५०. रॅक म्हणजे गंज, खड्डे, झीज हे सगळे असणारच, पण पिस्तूल चालते. एका माणसाला तेव्हा वर्षाला एकच. त्यातही पार्श्वभूमीची तपासणी दोनदा: एकदा संस्थेकडून, एकदा ज्या परवानाधारक दुकानात पिस्तूल येणार तिथे.

एवढ्या खटपटीने हाती आलेल्या वस्तूचे बरेच जण पहिल्यांदा काय करतात? तिला चकाचक करायला निघतात. राखाडी, खरचटलेला मुलामा उतरवायचा, बफिंगच्या चाकावर धरायचे, नवे काळेभोर ब्लूइंग चढवायचे. पिस्तूल दिसते झकास. पण त्यावर लिहिलेले जे काही होते ते अर्धेअधिक पुसले जाते आणि पुन्हा कधीही लिहिता येत नाही. लष्करी पिस्तूल आधी वाचावे, ओळखावे, मगच त्याला हात लावायचा की नाही ते ठरवावे. आणि बहुतेक वेळा उत्तर ‘लावू नये’ असेच असते.

वाचायचे म्हणजे काय, ते या १९११वरच बघता येईल. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरचे हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले आणि १९८५मध्ये इटालियन आराखड्याचे बेरेटा येईपर्यंत वापरले. पहिल्या महायुद्धाच्या अनुभवावरून १९२०च्या दशकात त्यात बदल झाले: चाप आखूड झाला, चापाच्या मागे बोटासाठी फ्रेमला दोन्ही बाजूंनी खाच आली, मुठीच्या मागचा भाग सपाटऐवजी फुगीर झाला. पिस्तूल हातात घेऊन चापामागची ती खाच अंगठ्याने चाचपली की ‘१९११’ आणि ‘१९११ए१’ यांतला फरक डोळे मिटूनही कळतो.

पुढची ओळख कारखान्याची. दुसऱ्या महायुद्धात एकट्या कोल्ट कंपनीला मागणी झेपण्यासारखी नव्हती. मग टाइपरायटर आणि कार्यालयीन यंत्रे बनवणारी रेमिंग्टन रँड, रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल, बंदुका बनवणारी इथाका अशा कंपन्या कामाला लागल्या. सर्वांत जास्त पिस्तुले काढली ती टाइपरायटरवाल्यांनी. आणि आपल्याकडे घरोघर जिची शिवणयंत्रे होती त्या सिंगर कंपनीनेही चाचणी म्हणून ठीक ५०० पिस्तुले करून दिली. नंतर सिंगरला विमानविरोधी तोफांच्या नेमयंत्रांचे काम मिळाले आणि पिस्तुले तिथेच थांबली. त्या पाचशेंपैकी एक उत्तम स्थितीतले पिस्तूल २०१७मध्ये चार लाख डॉलरच्या वर लिलावात गेले. त्याच यंत्रणेचे, तसेच चालणारे रेमिंग्टन रँडचे पिस्तूल हजार-दोन हजार डॉलरला मिळते. फरक स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, कोरलेल्या नावाचा आणि ते नाव अस्सल असण्याचा.

कारखान्याच्या नावाशिवाय फ्रेमवर तपासनिसाची आद्याक्षरे असतात. कोल्टच्या पिस्तुलावर ‘जीएचडी’ दिसले तर तो गाय ड्रूरी, रेमिंग्टन रँड आणि इथाकावर ‘एफजेए’ म्हणजे फ्रँक ॲटवुड, युनियन स्विचवर ‘आरसीडी’ म्हणजे रॉबर्ट डाउनी. फ्रेम एका कारखान्याची आणि तपासनीस दुसऱ्याचा, असे आढळले की काहीतरी गडबड आहे असे समजावे. त्यातच ‘एसए’, ‘आरआयए’, ‘एए’ असे शिक्के असले तर पिस्तूल स्प्रिंगफील्ड, रॉक आयलंड किंवा ऑगस्टाच्या शस्त्रागारात दुरुस्तीला जाऊन आले आहे. १९४५नंतर अमेरिकी लष्कराने हे पिस्तूल नव्याने बनवून घेतलेच नाही. कोरिया आणि व्हिएतनाम ही दोन्ही युद्धे जुनीच पिस्तुले खोलून, भाग अदलाबदल करून, पुन्हा फॉस्फेटचा मुलामा देऊन लढली गेली. त्यामुळे स्लाइड कोल्टची, फ्रेम रेमिंग्टन रँडची आणि नळी तिसऱ्याचीच, असे पिस्तूल आले म्हणून कपाळावर हात मारायचे कारण नाही. तीच त्याच्या नोकरीची हकिकत आहे.

जर्मनांनी तर कारखान्यांची नावेच लपवली. वॉल्थर पी-३८वर ‘एसी’ असेल तर ते खुद्द वॉल्थरचे, ‘बीवायएफ’ म्हणजे माउझरचे, ‘सीवायक्यू’ म्हणजे श्प्रेवेर्कचे. पहिल्या दोन खुणांच्या शेजारी दोन आकडी साल आणि सगळ्यांवर लष्करी तपासणीचा गरुड. लुगर पिस्तुलात लहानसहान भागांवरही मुख्य क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. सगळे आकडे जुळले तर किंमत एक, एखादा जरी चुकला तर दुसरी. रशियनांनी पकडलेली पी-३८ पिस्तुले सोव्हिएत शस्त्रागारांत खोलली गेली, गडद ब्लूइंगमध्ये बुडवली गेली. काहींवर ‘एक्स’चा शिक्का बसला, काहींवरचे स्वस्तिक ठोकून बुजवले गेले. म्हणजे मुलामा बदलणे हे प्रत्येक वेळी पापच असते असे नाही. सोव्हिएत कामगाराने दिलेला तो जाडाभरडा काळा थर हाही आता इतिहासच आहे. तो खरवडून ‘मूळ’ जर्मन रूप आणू पाहणारा माणूस दोन्ही इतिहास एकदम घालवतो.

या बारीकसारीक खुणांचे महत्त्व फक्त संग्राहकांना आहे असे वाटत असेल तर दोन प्रकरणे आठवावीत.

पहिले आपल्या घरचे. ३० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात महात्मा गांधींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते इटालियन लष्करासाठी बनलेल्या बेरेटा एम १९३४ जातीचे होते. खटल्याच्या कागदपत्रांत त्याची ओळख एका क्रमांकाने पक्की झाली: ६०६८२४. ते ग्वाल्हेरमधून मिळवले गेले होते. या जातीच्या बेरेटावर इसवी सनाच्या जोडीला मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीचे वर्षही रोमन आकड्यांत ठोकलेले असते. इटलीहून असे शस्त्र मध्य भारतापर्यंत येण्यात नवल नव्हते. १९४१मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत भारतीय डिव्हिजन इटालियनांशी लढल्या, त्यांत मराठा पलटणीही होत्या. जिंकलेल्या सैन्याबरोबर हरलेल्यांची शस्त्रे फिरतात, हे जगभर घडत आले आहे.

दुसरे प्रकरण डॅलसचे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतर पाऊण तासाच्या आसपास त्या हत्येचा आरोपी ली हार्वी ऑस्वाल्ड याने जे. डी. टिपिट या पोलिसाला ठार केले. ऑस्वाल्डचे रिव्हॉल्व्हर हे अस्सल लष्करी मोडीतले होते. स्मिथ अँड वेसनचे ‘व्हिक्टरी’ मॉडेल, महायुद्धात ब्रिटिशांसाठी बनलेले, क्रमांक व्ही ५१०२१०. युद्धानंतर ते अमेरिकेत परतले. कोणीतरी त्याची पाच इंची नळी कापून सव्वादोन इंचांवर आणली, सिलिंडर .३८ स्पेशल जातीच्या काडतुसासाठी वाढवला आणि लॉस एंजेलिसच्या एका टपालविक्री कंपनीने ते २९.९५ डॉलरला विकले. ऑस्वाल्डने ते खोट्या नावाने मागवले होते. क्रमांकामुळे माग लागला.

पण या प्रकरणातली खरी गंमत पुढे आहे. काडतूस बदलले तरी नळीचे छिद्र ब्रिटिश मापाचेच, म्हणजे किंचित मोठे राहिले. गोळी त्यातून सैल जात असे. त्यामुळे टिपिटच्या शरीरातून काढलेल्या गोळ्यांवर नळीच्या आट्यांचे ठसे नीट उमटले नव्हते आणि एफबीआयच्या तज्ज्ञांना गोळ्या या रिव्हॉल्व्हरच्याच, असे छातीठोकपणे सांगता आले नाही. रिकाम्या पुंगळ्यांवरून ते सिद्ध झाले. हाताशी असलेले काडतूस बसावे म्हणून कोणा कारागिराने केलेली सोय केनेडी हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या अहवालापर्यंत अशी पोहोचली.

केनेडींवर जिच्यातून गोळ्या झाडल्या गेल्या ती रायफलही मोडीतलीच होती, इटालियन कार्कानो. या हत्येने आणि पुढच्या हत्यासत्राने अमेरिकेत १९६८चा शस्त्र नियंत्रण कायदा आला. टपालाने शस्त्रे मागवणे बंद झाले, परदेशी लष्करांच्या जुन्या शस्त्रांची आयातही थांबली. १९८४मध्ये ‘दुर्मीळ आणि ऐतिहासिक’ वर्गातल्या शस्त्रांपुरते दार पुन्हा उघडले आणि पूर्व युरोप, चीन, इस्रायल इथला माल येऊ लागला. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला रशियन नागाँ रिव्हॉल्व्हर शंभर डॉलरच्या आत मिळत असे. दुरुस्ती होऊन आलेल्या नागाँवर चौकटीत तिरकी रेघ असलेला बारीक शिक्का असतो. तो दिसला की मुलामा कारखान्यातला पहिला नाही हे समजावे. आयातदाराला कायद्याने आपले नाव, गाव आणि शस्त्राची माहिती धातूवर कोरावी लागते. काहींनी ती नळीखाली नजरेआड कोरली, काहींनी स्लाइडवर मधोमध. टोकारेव्ह या सोव्हिएत आराखड्याच्या पिस्तुलांना तर आयातीच्या अटी पुऱ्या करण्यासाठी मुळात नसलेला सेफ्टीचा खटका बसवला गेला. संग्राहक त्याला नाके मुरडतात. तरीही तो काढून भोक बुजवण्यात शहाणपण नाही, कारण पिस्तूल कोणत्या वाटेने आले याची ती नोंद आहे.

आता प्रश्न घासण्याचा. लष्करी पिस्तुलाचा मुलामा म्हणजे रंग नव्हे. ब्लूइंगमध्ये पोलाद उकळत्या क्षारांत बुडवून पृष्ठभागावर काळ्या ऑक्साइडचा थर आणतात. पार्करायझिंगमध्ये गरम फॉस्फोरिक आम्लात जस्त किंवा मँगनीज घालून राखाडी, खरखरीत स्फटिकांचा थर आणतात. तो तेल धरून ठेवतो म्हणून चिखलातल्या सैनिकाला उपयोगी. दोन्ही थर अतिशय पातळ असतात. नवा चढवायचा तर जुना काढावा लागतो आणि खरे नुकसान होते ते इथे. शिक्का ठोकला जातो तेव्हा अक्षराभोवतीचे पोलाद किंचित वर उचलले जाते. अस्सल पिस्तुलावर नख फिरवले की ती कड लागते. बफिंगच्या चाकाला ती सर्वांत आधी बळी पडते. मग स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, सपाट बाजूंना हलकी लाट येते, अक्षरे उथळ होतात. अनुभवी गिऱ्हाईक उजेडात स्लाइड तिरकी धरून स्क्रूच्या भोकाकडेच आधी बघते ते यासाठीच. चमकदार काळ्या मुलाम्याखाली गंजाचे खड्डे दिसले तर विचारायलाही नको.

याहून घातक प्रकार वेबलीचा. ब्रिटिशांचे वेबली मार्क सहा हे रिव्हॉल्व्हर .४५५ काडतुसाचे. अमेरिकेत ते काडतूस मिळेना म्हणून हजारो वेबलींच्या सिलिंडरची मागची बाजू छिलून त्यात .४५ एसीपी बसवले गेले. त्या काडतुसाचा दाब वेबलीची चाचणी ज्या दाबावर झाली त्याहून जास्त असतो. म्हणजे इतिहास गेला, किंमत गेली आणि वर हाताला धोका. असे छिललेले वेबली आजही जत्रेसारख्या भरणाऱ्या ‘गन शो’त सर्रास दिसते. हौशी मोडतोड करणाऱ्या अशा कारागिराला तिकडचे लोक ‘बब्बा’ म्हणतात आणि बब्बाच्या हातून सुटलेले वेबली शोधणे हा एक स्वतंत्र उद्योगच झाला आहे.

यावर मालकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पैसे माझे, पिस्तूल माझे, ते गंजू द्यायचे का? गंजू देऊ नये, हे खरेच. पण गंज थांबवणे आणि कातडी सोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोठारातल्या पिस्तुलावर वर्षानुवर्षे थापलेले कॉस्मोलीनचे ग्रीस मिनरल स्पिरिटने आणि गरम पाण्याने निघते. लाल गंज तेल आणि अगदी बारीक तारेच्या लोकरीने सावकाश उतरतो. भाग उकळत्या पाण्यात ठेवले तर लाल गंजाचे काळ्या, स्थिर ऑक्साइडमध्ये रूपांतर होते, मग तो नुसता ब्रशने साफ करता येतो. यातल्या एकाही उपायाने अक्षर पुसले जात नाही. जुन्या वाड्याच्या सागवानी खांबाला वाळवी लागू नये म्हणून तेल पाजणे वेगळे आणि त्यावर गुलाबी ऑइलपेंट मारणे वेगळे, हे ज्याला कळते त्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

काही पिस्तुलांना नवा मुलामा द्यायला खुशाल हरकत नसावी. चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड-८२वर लष्करानेच भट्टीत भाजलेला काळा रंग दिला होता. तो पोपडे धरून उडतो. या पिस्तुलांची संख्या मोठी, किंमत माफक. इस्रायली पोलिसांच्या सेवेतून आलेली, पांढरी पडलेली ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलेही तशीच. आणि ज्या पिस्तुलाची आधीच बब्बाने वाट लावली आहे, त्यात वाचवण्यासारखे उरलेले नाही. मात्र इथेही दोन अटी पाळाव्यात. काम करणाऱ्याने चाकाऐवजी हाताने, ठोकळ्यावर घासपट्टी गुंडाळून घासावे. आणि नवा मुलामा केव्हा, कोणी दिला याचा कागद पिस्तुलाबरोबर राहावा.

दुसरी अट जास्त महत्त्वाची, कारण बाजारातली खरी लबाडी तिच्या अभावावर पोसली जाते. निष्णात कारागीर युद्धकाळातल्या मुलाम्याची हुबेहूब नक्कल करू शकतात. ते काम ‘पुनर्निर्मित’ म्हणून विकले तर कला, ‘मूळ स्थितीत’ म्हणून विकले तर फसवणूक. लिलावगृहांनी आणि दुकानदारांनी मुलामा मूळ आहे की नंतरचा, हे लेखी द्यायला हवे. गिऱ्हाइकांनी ते मागितल्याशिवाय पैसे मोजू नयेत. अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी कोणी या छंदात उतरत असेल तर त्यांनी आधी आपला व्हिसाही तपासावा: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथे शस्त्र बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे, अपवाद मोजके.

आपल्याकडे हा बाजारच नाही, आणि तो नाही हे योग्यच आहे. लष्करी ९ मिमी पिस्तूल सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. पण लष्करी पिस्तुलाचा वारसा इथेही आहेच. टोरोंटोची इंग्लिस ही पुढे धुलाईयंत्रांसाठी ओळखली गेलेली कंपनी महायुद्धात ब्राउनिंग हाय-पॉवर बनवू लागली आणि त्याच घराण्यातले पिस्तूल पुढे इछापूरच्या रायफल कारखान्यात भारतीय सेनेसाठी तयार झाले. कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यातले .३२ रिव्हॉल्व्हर, जे आज अनेक परवानाधारकांच्या कपाटात आहे, ते थेट वेबली मार्क चारच्या वळणाचे आहे.

महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आजोबांच्या नावावरचे जुने रिव्हॉल्व्हर वारशाने आलेले असते. त्याला आता ‘जरा चमकवून घेऊ’ असे वाटले तर थांबावे. शस्त्र कायदा १९५९च्या आठव्या कलमानुसार शस्त्रावरचे नाव, क्रमांक किंवा कुठलीही ओळखखूण पुसणे, काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे आणि बेसावध बफिंगने नेमके तेच होऊ शकते. परवाना आपल्या नावावर झाला आहे ना, हे आधी पाहावे. झाला नसेल तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. मग त्यावरच्या प्रत्येक शिक्क्याचे, क्रमांकाचे, आद्याक्षराचे तिरप्या उजेडात फोटो काढावेत आणि ते परवान्याच्या प्रतीसोबत फायलीत ठेवावेत. दुरुस्ती लागलीच तर ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी आणि चाक लावू नये, हे त्याला कामाच्या पावतीवर लिहून द्यायला सांगावे.